मांडवीची वाळू आणि गंधक

मांडवी, रत्नागिरी
१२ जानेवारी २०२६

मुळ्ये सर,

पत्राच्या सुरुवातीला नमस्कार लिहायची रीत आहे. पण तुम्हाला नमस्कार करून अकरा वर्षं झाली, आता हात वळत नाही. तेव्हा सरळ कामाचं लिहिते.

मी सगुणा गोताड. आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं परिचर होते, त्यातली सतरा तुमच्या हाताखाली. परीक्षानळ्या धुतल्या, बर्नर साफ केले, तुमच्या टेबलावर रोजचं सामान मांडून ठेवलं. तुम्ही निवृत्त होऊन पुण्याला मुलाकडे, वरदकडे राहायला गेलात, तिकडे माझं नाव विसरला असाल म्हणून ओळख दिली. 'वाळूबाई' म्हटलं तर लगेच आठवेल. हे नाव मुलांना तुमच्यामुळेच सुचलं होतं.

परवा बाजारातून येताना शाळेच्या फाटकावर फलक बघितला. नवीन प्रयोगशाळा बांधून झाली म्हणे, आणि तिला नाव देणार आहेत 'श्री. श्याम मुळ्ये विज्ञान कक्ष'. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनी तुमच्याच हस्ते उद्घाटन. शिवाय आठवीच्या मुलांना तुम्ही स्वतः प्रात्यक्षिक दाखवणार, विषय 'मिश्रण आणि संयुग'. विषय वाचून मी रस्त्यात उभी राहून हसले. एक रिक्षावाला थांबला, त्याला वाटलं मी त्याला बोलावतेय.

दुसऱ्या दिवशी मी आताच्या मुख्याध्यापिका ऋजुता शेट्ये मॅडमना भेटले आणि माझं सेवापुस्तक बघायला मागितलं. निवृत्त माणसाला ते दाखवतात. त्यात २०१४ सालच्या पानावर शेरा आहे: 'लोहकीस चोरून त्या जागी वाळू भरून भेसळ केल्याचे चौकशीत निष्पन्न. प्रयोगशाळेतून हटविण्यात यावे.' चौकशीचा कागद मागे जोडलाय आणि खाली तुमची सही आहे, वळणदार, म ला मोठी शेपटी असलेली. त्या सहीनंतर उरलेली सात वर्षं मी फाटकावर घंटा वाजवली आणि संडासांवर देखरेख केली, हे त्या पुस्तकात नाही.

मॅडमनी शांतपणे सगळं ऐकलं. म्हणाल्या, "ज्यांनी तक्रार केली त्यांनी समितीसमोर येऊन खरं काय ते सांगितलं, तर शेरा काढता येईल. माझ्या एकटीच्या हातात नाही." २८ तारखेला उद्घाटनाआधी दहा वाजता शाळा समितीची बैठक आहे आणि तुम्ही तिथे असणारच आहात.

माझी मागणी एवढीच आहे. त्या बैठकीत सांगा की सगुणाने चोरी केली नव्हती आणि बाटलीत वाळू आहे हे तुम्हाला माहीत होतं. मग खुशाल फीत कापा. नाही सांगितलंत तर मी काय करीन ते अजून ठरलेलं नाही. पण तुमच्या नावाची पाटी सुखाने लागू देणार नाही, हे मात्र ठरलंय.

पत्र स्पीड पोस्टाने पाठवते आहे. पावती जपून ठेवली आहे.

सगुणा गोताड
प्रयोगशाळा परिचर (निवृत्त)


२७ जानेवारी २०२६

मुळ्ये सर,

तुमचं उत्तर मिळालं. मी कागदावर लिहिलं, तुम्ही माझ्या मुलीच्या, दर्शनाच्या फोनवर व्हॉट्सॲप पाठवलंत. कागद राहतो आणि फोनवरचं पुसता येतं, हे तुम्हाला बरोबर कळतं. मी ते वहीत उतरवून घेतलं: 'सगुणाबाई, जुन्या गोष्टी उगाळून काय मिळणार? त्या वेळी परिस्थिती तशी होती. माझ्याकडून काही कमी-जास्त झालं असेल तर राग मानू नये. कार्यक्रमात तुमचाही शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायला मी सुचवतो.'

'झालं असेल तर.' वा सर. आणि वर शाल! रत्नागिरीच्या उकाड्यात मी शाल घेऊन काय करू, चुलीवरचं भांडं धरू?

दर्शना रविवारी पावसहून आली होती. तिथे ती अंगणवाडी सेविका आहे. तुमचा निरोप तिनेच वाचून दाखवला आणि म्हणाली, "आई, कशाला उकरून काढतेस गो? तो माणूस नाय बदलायचा." मी म्हटलं, "त्याला बदलायचाय कोणाला? मला नुसता शेरा पुसून हवाय." २०१४ साली ती तुमच्याच वर्गात आठवीला होती. दहावीनंतर तिने शास्त्र शाखेचा फॉर्मसुद्धा घेतला नाही. वाळूबाईची मुलगी म्हणून पुन्हा कुठल्या प्रयोगशाळेत उभं राहायचं तिच्या जिवावर आलं होतं.

तुम्ही 'परिस्थिती' लिहिलंत, म्हणून परिस्थिती आठवून देते.

आपली शाळा समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. जून लागला की प्रयोगशाळेत लोखंडाचं काही टिकत नाही. लोहकिसाची बाटली पावसाळ्याच्या शेवटी उघडावी तर आत तांबड्या गंजाचा गोळा, आणि त्याला चुंबक विचारतसुद्धा नाही. नवा माल मागवला की तो दिवाळीनंतर येणार, आणि सहावीचा 'मिश्रण वेगळे करणे' हा धडा ऑगस्टमध्ये. तुम्ही शाळेत आलात त्या पहिल्याच वर्षी ही अडचण तुम्हाला सांगितली, तेव्हा एका रविवारी तुम्हीच मला मांडवीच्या किनाऱ्यावर नेलंत. ओहोटीला जिथे काळी वाळू साचते ती जागा दाखवलीत. शाळेच्या मोडक्या कर्ण्यातलं चुंबक कागदात गुंडाळून वाळूवरून फिरवलं की काळे कण उभे राहून चिकटतात. दोन तासांत बाटली भरली. "सगुणाबाई, ही गंजायची नाही," असं तुम्ही म्हणालात. तेव्हा तुम्ही मला बाई म्हणत होतात.

पुढे दरवर्षी मी एकटी जाऊन वाळू आणायचे. बाटलीवर चिठ्ठी 'लोहकीस' हीच राहिली, कारण साठ्याच्या नोंदवहीत लोहकीस होता. भाट्याच्या किनाऱ्यावरच्या पांढऱ्या वाळूत ही काळी मिसळायची, मुलांनी चुंबक फिरवायचं, काळी वर आणि पांढरी खाली. मिश्रण म्हणजे काय ते पोरांना दोन मिनिटांत कळायचं. एकत्र ठेवलेल्या वस्तू आपापला स्वभाव सोडत नाहीत, म्हणून साध्या उपायाने परत वेगळ्या करता येतात. हे वाक्य तुमचं आहे. सतरा वर्षं मागच्या भिंतीला टेकून ऐकलं, त्यामुळे माझंही आहे.

आठवीचा पुढचा प्रयोग मात्र तुम्ही फळ्यावर चित्र काढून उरकायचात. लोहकीस आणि गंधक मिसळून तापवायचे. नळी लाल होते, धग सगळीकडे पसरते आणि थंड झाल्यावर जे उरतं ते लोखंडही नसतं आणि गंधकही नसतं. तिसराच पदार्थ, त्याला चुंबक ओढत नाही. ते संयुग. धूर होतो, वास येतो, वर्गाचा वेळ जातो, म्हणून तुम्ही कधी करून दाखवलं नाहीत.

आणि २०१४ च्या ऑगस्टमध्ये तपासणीला अधिकारी आले. तुम्हाला जिल्ह्याचा पुरस्कार हवा होता. त्यांच्यादेखत तुम्ही म्हणालात, "लोहकिसाची बाटली आण." मी विचारलं, "सर, तापवायला?" तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "तुझं काम आणायचं आहे, विचारायचं नाही." मी आणली.

गंधक वितळला, जळला, निळी ज्योत आली, सगळा वर्ग खोकत सुटला. काळे कण तसेच्या तसे. तुम्ही चुंबक लावलंत आणि ते टपाटप चिकटले. अधिकारी म्हणाले, "मुळ्ये, संयुग कुठे आहे?" तुम्ही बाटली हातात घेतलीत, उजेडात धरलीत आणि माझ्याकडे बोट केलंत: "हिने लोहकीस विकला आणि वाळू भरली."

चुंबकाला चिकटतं ते सगळं लोखंडच, असं तुम्हाला वाटलं होतं. बी. एस्सी. झालेल्या माणसाला! त्या वाळूतलं लोखंड समुद्रकाठी येण्याआधीच प्राणवायूशी बांधलं गेलेलं असतं. ते आधीच संयुग आहे. म्हणून तर ते गंजत नाही, आणि म्हणूनच गंधकाकडे ढुंकून बघत नाही. मला हे कळत होतं, तुम्हाला कळलं नाही, आणि शिक्षा कोणाला झाली ते आपल्या दोघांना ठाऊक आहे.

शाल नको. २८ तारखेला तोंड उघडा.

सगुणा गोताड


९ फेब्रुवारी २०२६

सर,

तुमचा निरोप आला. 'पुरावा काय? अकरा वर्षांनी कोण विश्वास ठेवणार? माझं नाव जिल्ह्यात आहे, तुमचं कुठे आहे?' एवढं स्पष्ट लिहिल्याबद्दल आभार मानते. शालीपेक्षा हे बरं.

बरोबर आहे, माझ्याकडे पुरावा नाही. चौकशीतही मी तोंड उघडलं नव्हतं. तुम्हाला तेव्हा नवल वाटलं असणार की ही बाई स्वतःच्या बाजूने काहीच कशी बोलत नाही. आज सांगते. हे मी दर्शनालाही सांगितलेलं नाही.

मागच्या पत्रात एक गोष्ट गाळली. त्या वर्षी कधी नव्हे तो दिवाळीआधीच, तपासणीच्या चार दिवस आधी, नवा लोहकीस आला होता. सीलबंद पुडी, कोरडी ठणठणीत, डाव्या कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवली होती. नोंद मीच केली होती. तुम्ही नोंदवही कधी उघडत नसल्यामुळे तुम्हाला पत्ता नव्हता.

वाळू गंधकाबरोबर तापवून काही होत नाही हे मला आधीपासून माहीत होतं. एकदा शाळा सुटल्यावर उत्सुकतेपोटी मी करून बघितलं होतं. बाटली आणायला कपाटाशी गेले तेव्हा एका हाताशी बाटली होती आणि दुसऱ्या हाताशी पुडी. तुम्ही ओरडलात म्हणून घाबरून बाटली आणली, असं मी अकरा वर्षं स्वतःला सांगत आले. ते खोटं आहे. तुम्ही अधिकाऱ्यांना चहा द्यायला बाहेर गेलात तेव्हा पाच मिनिटं मी त्या खोलीत एकटी होते. टेबलावरची बाटली उचलून पुडी ठेवायला किती वेळ लागतो? मी ठेवली नाही. तुम्ही पडावं असं मला वाटत होतं. सगळ्यांसमोर, तोंडावर.

का, तेही ऐका. आठ दिवस आधी दर्शना तुमच्याकडे विज्ञान प्रदर्शनासाठी नाव द्यायला आली होती. वर्गासमोर तुम्ही तिला म्हणालात, "परिचराच्या मुलीने प्रदर्शनात बाटल्या पुसायला यावं." पोरं हसली. त्या संध्याकाळी ती जेवली नाही. मी तुम्हाला काही बोलू शकत नव्हते, नोकरी होती. मग संधी आली आणि मी ती घेतली.

तुम्ही चोरीचा आळ घेतलात तेव्हा कपाट उघडून पुडी दाखवली असती तर आळ तिथेच संपला असता. पण पुढचा प्रश्न आला असता, पुडी होती तर दिली का नाहीस? त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून चोर ठरले आणि गप्प राहिले. महिन्याभराने तुमच्या नव्या परिचराने तीच पुडी उघडून वापरायला घेतली.

तर असं आहे सगळं. पहिल्या वर्षी तुम्ही मांडवीला नेलंत तिथपासून कपाटातल्या पुडीपर्यंत, यात एक अक्षर खोटं नाही. तुम्ही चोर म्हणालात ते खोटं होतं, पण मी निर्दोष नव्हते. हे लिहून थोडं हलकं वाटलं.

सगुणा गोताड


१९ फेब्रुवारी २०२६

सर,

दर्शना इथे आलेली असताना तुमचा फोन आला, पण तो तिने घेतला नाही हे बरं झालं. मीच घेतला आणि तुमचा आनंद ऐकला. "तुझ्याच हाताने लिहून दिलंस, आता २८ तारखेला हेच समितीपुढे ठेवतो." मला पुन्हा 'तू' म्हणालात.

हात जोडून सांगते, ते पत्र कुणाला दाखवू नका. रागाच्या भरात लिहून गेले. फाडून टाका. दर्शनाला यातलं काही माहीत नाही आणि समितीच्या बैठकीला ती माझ्यासोबत येणार आहे. तिच्यासमोर तरी नको. शेरा काढण्यासाठी मॅडमकडे दिलेला माझा अर्ज मी मागे घ्यायला तयार आहे.

सगुणा


१ मार्च २०२६

मुळ्ये सर,

काल रात्री तुम्ही पुण्याची गाडी पकडलीत असं कळलं. हे पत्र तुमच्या मागोमाग येईल. हे शेवटचं आहे.

१९ तारखेचं पत्र वाचून तुम्ही खूश झालात. मी तशीच अपेक्षा केली होती. त्यात दर्शनाबद्दल लिहिलेलं खरं होतं, तेवढी भीती मला खरोखर होती. बाकी हात जोडणं वगैरे नाटक. मी तुमच्या हाताखाली सतरा वर्षं काढली आहेत. कुणी पाया पडलं की तुम्ही हमखास लाथ मारता, हे मला तुमच्या बायकोपेक्षा जास्त माहीत आहे. नुसतं ९ तारखेचं पत्र पाठवलं असतं तर कदाचित तुम्ही ते शांतपणे दोनदा वाचलं असतंत. 'दाखवू नका' म्हटल्यावर तुम्ही ते पाच प्रतींत काढून आणलंत.

त्या प्रती बघून मला जो आनंद झाला तो सांगायला लाज वाटत नाही. मॅडमपुढे एक, समितीच्या तिघांपुढे एकेक, आणि एक तुमच्या हातात. तांबड्या शाईने तुम्ही खुणा करून आणल्या होत्या: 'मी ठेवली नाही', 'तुम्ही पडावं असं मला वाटत होतं', 'मी निर्दोष नव्हते'. मुलांच्या पेपरात चुका दाखवता तशा. आणि म्हणालात, "बघा, स्वतःच कबूल केलंय. आता मला कुणी काही विचारू नये."

मॅडमनी पूर्ण पत्र वाचलं. दोनदा. मग विचारलं, "सर, हे पत्र खरं धरायचं ना?"

"शंभर टक्के. अक्षर तिचं, सही तिची."

"म्हणजे नवी पुडी कपाटात होती."

"होतीच ना! असून दिली नाही हिने. मुद्दाम."

"मग चोरी कशाची झाली?"

तुम्ही कागद पुन्हा वर केलात आणि ज्या ओळींना खुणा नव्हत्या त्या वाचायला लागलात. मला वाटतं, त्या तुम्ही पहिल्यांदाच वाचत होतात.

मॅडम सोडेनात. "आणि पहिल्या वर्षी तुम्हीच यांना वाळू आणायला मांडवीला नेलंत, असंही आहे."

"तो विषय वेगळा आहे."

"वेगळा कसा, सर? त्याच पत्रात आहे. तुम्ही आत्ताच म्हणालात की हे पत्र खरं आहे."

समितीतले जुने सदस्य आत्माराम सावंत आजवर कुठल्या बैठकीत बोललेले नाहीत. ते चष्मा काढून म्हणाले, "मुळ्ये, तुमका ठाऊक होता की नाय तेवढाच सांगा." तुम्ही म्हणालात, "होतं, पण..." त्या 'पण'च्या पुढचं कुणी लिहून घेतलं नाही.

९ तारखेचं ते पत्र मी नऊ दिवस लिहीत होते. आधी मला वाटलं होतं की तुमचंच खोटं लिहून काढावं, माझं लपवावं. पण तसं पत्र तुम्ही कचऱ्यात टाकलं असतंत. मग विचार केला, यात माझा अपराध घालू, खरा, सगळाच्या सगळा, तुमच्या खोट्याबरोबर एकाच भट्टीतून काढलेला. माझा अपराध उचलायला तुम्ही धावणार हे नक्की होतं. पण मी मुद्दाम पुडी दिली नाही असं म्हणायचं तर पुडी होती असं म्हणावं लागतं, आणि पुडी होती म्हटलं की चोरी जाते. लोहकीस आणि गंधक नुसते कालवलेले असते तर तुमच्या चुंबकाने तुमच्या सोयीचं तेवढं उचललं असतं. तापवून एकजीव केल्यावर चुंबक काही करू शकत नाही. ते तुमच्याच धड्यात आहे.

फुकट मिळालं नाही हेही लिहिते. शेरा काढायचा ठराव झाला, आणि त्याखाली नवीन ओळ आली: 'परिचरांनी योग्य साहित्य उपलब्ध असूनही दिले नाही, हे त्यांनी स्वतः मान्य केले आहे.' मी त्यावर सही केली. चोर नाही, पण हे आहे. माझं आहे ते माझ्या नावावर असू दे.

दर्शना माझ्या शेजारीच बसली होती. ठरावाआधी पत्र मोठ्याने वाचून दाखवलं, तेव्हा तिच्या प्रदर्शनाची ओळ आली तशी तिने डोळे मिटून घेतले. बाहेर आल्यावर तिने माझा हात धरला. मग म्हणाली, "माझ्यासाठी तू सात वर्षं घंटा वाजवलीस आणि मला सांगितलं नाहीस. मी तुझ्यावर रागवत होते गो, की आई भांडली का नाही." मला रडू आलं, आणि तुमच्यावरचा राग जरा वाढला. हे बोलणं आमच्यात तेव्हाच व्हायला हवं होतं.

तुम्ही प्रात्यक्षिकाला थांबला नाहीत, म्हणून पुढचंही कळवते. आठवीची मुलं खाली ताटकळत बसली होती. मॅडमनी मला विचारलं, "सगुणाबाई, सामान मांडाल?" मी मांडलं. पुडी नवी, मी स्वतः फोडली. मॅडमनी नळी तापवली. एका टोकाला लाल झालं आणि ती लाली आपोआप नळीभर सरकत गेली, बर्नर बाजूला घेतल्यावरही. पोरं 'आऽऽ' करून ओरडली. सव्वीस वर्षं या प्रयोगाबद्दल ऐकलं होतं, पाहिला काल. थंड झाल्यावर चुंबक लावलं तर एक कण हलला नाही. सानवी नावाची मुलगी उठून म्हणाली, "आता यातलं लोखंड परत नाही मिळायचं?" मॅडम म्हणाल्या, "मिळेल, पण चुंबकाने नाही. दुसऱ्या रासायनिक क्रियेने, खूप खटपट करून." मुलीने ते वहीत लिहून घेतलं.

पाटीचं तुम्हाला मॅडम कळवतीलच. समितीने सध्या नुसतं 'विज्ञान कक्ष' ठेवायचं ठरवलं आहे. संध्याकाळी रंगारी आला तेव्हा मी मुद्दाम फाटकाशी थांबले होते. तुमच्या नावावर पांढऱ्या रंगाचे दोन हात लागले. पहिल्या हातात अक्षरं दिसत होती, दुसऱ्यात गेली. मी पूर्ण वेळ उभी राहून बघितलं. चांगलं वाटलं, फार चांगलं वाटलं.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते.

बैठकीनंतर जिन्यात तुम्ही माझ्यासाठी थांबलात. दर्शना चार पायऱ्या पुढे होती. आजूबाजूला कुणी नाही हे तुम्ही आधी बघून घेतलंत, आणि मग हळूच म्हणालात, "सगुणाबाई, चुकलं माझं. माफ करा." मी काही न बोलता खाली उतरले. तुम्हाला वाटलं असेल की म्हातारीला ऐकू आलं नाही, किंवा भरून आलं म्हणून बोलता आलं नाही. पुण्याच्या गाडीत तुम्ही त्या विचाराने निवांत झोपलाही असाल.

मला चांगलं ऐकू आलं, सर. मी तुम्हाला माफ करत नाही.

सगुणा गोताड